न दिसणाऱ्या दहा मिनिटांसाठी

२०१७ च्या मे महिन्यात सुरतेच्या कापडबाजारात दोनच विषय होते, जीएसटी आणि बाहुबली. पहिल्यामुळे व्यापाऱ्यांची झोप उडाली होती आणि दुसऱ्यामुळे साड्या खपत होत्या. रिंगरोडच्या गाळ्यागाळ्यांत त्या सिनेमाच्या छापाच्या साड्या लटकत होत्या. मग श्रीहरिकोट्याला उड्डाणाच्या तयारीत असलेल्या नव्या रॉकेटलाही वर्तमानपत्रांनी बाहुबली म्हणायला सुरुवात केली. मला ते नाव आवडलं नाही, अजूनही आवडत नाही. ज्यानं अजून आखाड्यात पाय ठेवलेला नाही त्याच्या गळ्यात आधीच हार घालायचा, ही घाई मला अपशकुनी वाटायची. सरकारी नाव होतं जीएसएलव्ही मार्क-३. नाव रुक्ष, पण आकडे असे की हिशेबनिसानं दोनदा वाचावेत. उंची ४३ मीटरच्या वर, उड्डाणाच्या क्षणी वजन ६४० टन, आणि ह्या सगळ्या खटाटोपात वर पोचवायचा माल म्हणजे ३,१३६ किलोचा एक उपग्रह, जीसॅट-१९. त्याआधी एवढा जड उपग्रह भारताच्या भूमीवरून कधी सुटला नव्हता. असे जड उपग्रह आपण दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानात, कुरूला पाठवायचो आणि युरोपच्या एरियान रॉकेटवर जागा विकत घ्यायचो.

उड्डाणाची तारीख जाहीर झाली, ५ जून, सोमवार, संध्याकाळी ५ वाजून २८ मिनिटं. मी पेढीवर सुटी मागितली.

आम्ही उधन्याचे. वडील अमळनेर तालुक्यातून ताप्ती लाइनच्या गाडीनं सुरतेला आले आणि लूमच्या खात्यात लागले. उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम ह्या पट्ट्यात असा निम्मा खानदेश उतरलेला आहे. लोचोच्या गाडीशेजारी शेवभाजीचं ताट मिळतं आणि चौकात "काय करी राह्यना भो?" ऐकू येतं. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो, कॉमर्स केलं आणि साडीच्या पेढीवर हिशेब लिहायला बसलो. सुरतेत अशा माणसाला महेताजी म्हणतात. अवकाशाचं वेड शाळेतच लागलं होतं. पुण्यात जन्मलेले आणि बडोद्यात शिकलेले प्रमोद काळे १९६३ साली थुंब्यातून पहिलं रॉकेट उडालं तेव्हाच्या तुकडीत होते, हे वाचल्यापासून गुजरातेतल्या मराठी पोराला हा विषय परका वाटेनासा झाला.

"सुरतेचा आणि रॉकेटचा काय संबंध?" असं लोक विचारायचे. पुढे २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या वेळी सुरतेतला एक सिरॅमिकचा कारखाना इस्रोला उष्णता सोसणारे भाग पुरवतो, हे पेपरात छापून आलं. मी ते कात्रण पाकिटात घालून हिंडलो. पण २०१७ मध्ये माझं पाकीट रिकामं होतं, म्हणून मी वालचंदनगर सांगायचो. इंदापूर तालुक्यातलं, साखर कारखान्यांची यंत्रं बनवणारं गाव. ह्या रॉकेटच्या दोन्ही बाजूंना एस-२०० नावाचे जे घन इंधनाचे दोन खांब असतात, त्यांची पोलादी कवचं तिथल्या कारखान्यात घडतात. प्रत्येक खांबात दोनशे टनांहून जास्त इंधन. घन इंधनाचं हे शास्त्र आपल्याकडे उभं करणाऱ्यांत वसंत गोवारीकर होते. मधल्या टप्प्याची विकास इंजिनं विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात तयार होतात. उपग्रहाच्या पोटातली दळणवळणाची यंत्रणा अहमदाबादची. म्हणजे रॉकेट आंध्रात उभं होतं, पण त्याचा बराचसा ऐवज आमच्याच रेल्वेलाइनींवरून गेला असेल, अशी माझी समजूत होती.

शेठ राजस्थानचे. त्यांनी अर्ज वाचला नाही, माझ्याकडे पाहिलं. "महेताजी, १ जुलैला जीएसटी येतोय. आणि तुम्ही रॉकेट बघायला? रॉकेट तो टीवी पे भी दिखेगा." मी म्हटलं, शेठ, पहिलं उड्डाण आहे. ते म्हणाले, मग तर मुळीच जाऊ नका. नव्या डिझाइनचं पहिलं सँपल मिलमधून कधी बरोबर आलंय का?

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण इस्रोचा इतिहास शेठच्या बाजूनं होता. एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण, १० ऑगस्ट १९७९: बंगालच्या उपसागरात. एएसएलव्ही, २४ मार्च १९८७: तिथेच. पीएसएलव्ही, जिच्या भरवशावर तेव्हा सगळं चाललं होतं, तिचंही पहिलं उड्डाण २० सप्टेंबर १९९३ ला फसलं. जीएसएलव्ही एप्रिल २००१ मध्ये वर गेलं, पण उपग्रह ठरलेल्या कक्षेत काही पोचला नाही. परदेशातही तेच. आपले उपग्रह नेणारं एरियान-५ आपल्या पहिल्याच उड्डाणात, ४ जून १९९६ ला, चाळीस सेकंदांच्या आत फुटलं, आणि ते संगणकातल्या आज्ञावलीच्या एका चुकीमुळे. इलॉन मस्कचं अजस्र स्टारशिप २०२३ च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा उडालं तेव्हा चार मिनिटांत त्याचं काय झालं ते तर सगळ्यांनी फोनवर पाहिलं. पहिल्या उड्डाणाला गर्दी जमते ती थोडी ह्याचसाठीही, असा मला संशय आहे. उघड कोणी कबूल करत नाही.

शेवटी शेठनी परवानगी दिली, अटीवर. चेन्नईच्या गोडाऊन स्ट्रीटवर आमच्या एका पार्टीकडे दिवाळीपासूनची उधारी अडकली होती. ती वसूल करून आणायची. "रॉकेट गिरा तो भी पेमेंट तो आएगा," शेठ म्हणाले.

अहमदाबादहून चेन्नईला जाणारी नवजीवन एक्सप्रेस ही सुरतेच्या माणसांची गाडी आहे. तिच्यातून साड्यांचे व्यापारी जातात, आणि त्यांच्याहून जास्त जातात ते तेलुगू विणकर. वरंगळकडचे पद्मशाली पिढ्यांपासून सुरतेत लूम चालवतात. लिंबायतच्या काही गल्ल्यांत मराठी, तेलुगू आणि ओडिया अशा तिन्ही भाषांत भांडणं होतात. माझ्या समोरच्या बाकावर असंच एक कुटुंब होतं, सुट्टीत गावी निघालेलं. नवरा बारा तासांच्या पाळीचा विणकर, बोलताना आवाज चढा, कारण लूमच्या खडखडाटात हळू बोलायची सवयच राहत नाही. मी कुठे चाललोय हे ऐकून त्यानं बायकोला तेलुगूत काहीतरी सांगितलं, आणि त्यानंतर तिनं मला दर जेवणाला लोणचं वाढलं. बहुधा मी इस्रोत कामाला आहे असा समज झाला असावा. मी तो दूर केला नाही.

बारडोली, व्यारा आणि मग नवापूर, जिथे स्टेशनच दोन राज्यांत विभागलेलं आहे. एका टोकाला गुजरात, दुसऱ्याला महाराष्ट्र. गाडीत कोणीतरी दर वेळी ते दाखवतंच, ह्या खेपेला मीच दाखवलं. नंदुरबार, अमळनेर, जळगाव ही आपली गावं गाडीतून बघताना उतरावंसं वाटतं, म्हणून मी त्या पट्ट्यात वाचत बसलो. माझ्याकडे पेपरातली कात्रणं होती.

त्यांतली महत्त्वाची गोष्ट ही. हे रॉकेट तसं पाहिलं तर एकदा उडून झालेलं होतं. १८ डिसेंबर २०१४ ला त्याचं एक प्रायोगिक उड्डाण झालं, त्यात माणसं नेण्यासाठीच्या कुपीचा नमुना वर नेऊन अंदमानच्या बाजूला समुद्रात उतरवला. पण त्या वेळी सगळ्यात वरचा टप्पा मुका होता. नुसता बसवलेला, पेटायचाच नव्हता. म्हणून ते कक्षेत गेलं नाही, जाणारही नव्हतं. खालचे दोन टप्पे, म्हणजे एस-२०० चे खांब आणि मधला एल-११०, तेवढे पास झाले. ५ जूनला पहिल्यांदा वरचा सी-२५ पेटणार होता, आणि तो पेटला तरच ह्या रॉकेटला कक्षा मिळणार होती.

सी-२५ म्हणजे क्रायोजेनिक. द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंशांना आणि द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांना, दोन्ही शेजारीशेजारी टाक्यांत भरायचे आणि पंपानं ओढून जाळायचे. हे तंत्र रशियाकडून मिळायचा करार १९९१ मध्ये झाला होता. अमेरिकेनं निर्बंध घातले, १९९३ मध्ये रशियानं तंत्रज्ञान द्यायचं नाकारलं आणि तयार सात टप्पे तेवढे दिले. मग आपले लोक स्वतः बसले. पहिलं देशी क्रायोजेनिक इंजिन १५ एप्रिल २०१० ला वर गेलं आणि पडलं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये गळतीमुळे उलटगणती थांबवावी लागली. ५ जानेवारी २०१४ ला जमलं. पण ते छोटं इंजिन होतं, रशियन धाटणीचं. मार्क-३ साठीचं सीई-२० हे वेगळ्या रचनेचं, जवळपास वीस टनांच्या जोराचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला तो आख्खा टप्पा जमिनीवर बांधून ६४० सेकंद जाळून बघितला होता. जमिनीवर. आकाशात नाही.

हे वाचता वाचता मला एक साधी गोष्ट लक्षात आली आणि मी कात्रण मिटलं. सी-२५ पेटतो तो उड्डाणानंतर पाच मिनिटं उलटून गेल्यावर, आणि पुढे दहा मिनिटांहून जास्त जळतो. तेव्हा रॉकेट शेकडो किलोमीटर दूर, समुद्रावर असतं. म्हणजे मी हजार मैल रुळांवरून जाऊन जे बघणार होतो ती आधीच पास झालेली परीक्षा होती. नवा पेपर डोळ्यांआड सोडवला जाणार होता.

शनिवार होता, ३ जून. त्या दिवशी दिल्लीत जीएसटी परिषदेची बैठक होती आणि संध्याकाळी फोनवर दर यायला लागले. कापडावर ५ टक्के, कृत्रिम धाग्यावर १८. पैलू न पाडलेल्या हिऱ्यावर पाव टक्का, सोन्यावर ३. सुरतेचं सगळं कापड कृत्रिम धाग्याचं. डब्यात जणू कोणाच्या घरचा निरोप आल्यासारखी कुजबुज सुरू झाली. पलीकडच्या बाकावरचा यार्नचा व्यापारी कॅल्क्युलेटर काढून बसला. विणकरानं मला विचारलं, मालकानं लूम भंगारात काढले तर? मी हिशेबनीस, मला काहीतरी सांगता यायला हवं होतं. मी धाग्यावरचा कर आणि कापडावरचा कर ह्यांची वजाबाकी त्याला समजावून दिली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हां, पण लूम चालेल ना?" वरंगळला उतरताना त्याच्या पोरानं मला टाटा केला आणि रॉकेटचा आवाज तोंडानं काढून दाखवला.

रविवारी चेन्नई. गोडाऊन स्ट्रीट बंद, पार्टीनं फोनवर मंगळवारचा वायदा केला. दुपारी ३ वाजून ५८ मिनिटांनी उलटगणती सुरू झाल्याचं पेपरच्या संकेतस्थळावर आलं. साडेपंचवीस तासांची उलटगणती. मी सेंट्रलजवळच्या लॉजमध्ये पंख्याखाली पडून होतो, आणि खरं सांगायचं तर ह्या प्रवासातला सगळ्यात चांगला वेळ तोच. एवढ्या वेळात तिकडे काय काय चाललं असेल ह्याची मी मनात यादी लावली. टाक्या भरणं, दाब बघणं, झडपा उघडून मिटून बघणं. २०१३ मध्ये गळती सापडली ती अशाच वेळी, उड्डाणाला सव्वा तास उरला असताना. त्यामुळे उलटगणती सुरू झाली म्हणजे उड्डाण होणारच असं मी धरलं नव्हतं. वसुलीला निघालेला माणूस चेक हातात पडेपर्यंत रक्कम जमा धरत नाही.

सोमवारी सकाळी सुल्लुरपेटाची लोकल पकडली. चेन्नईपासून ऐंशी-एक किलोमीटर. गुम्मिडीपूंडीनंतर डबे रिकामे झाले आणि उरलेले सगळे एकाच कामाला निघालेले दिसले. इंजिनिअरिंगची पोरं, गळ्यात कॅमेरे. कोइमतूरचे एक निवृत्त शिक्षक, डोक्यावर ओला टॉवेल. सुल्लुरपेटा हे तेव्हा नेल्लोर जिल्ह्यातलं साधं तालुक्याचं गाव. चेंगालम्मा देवीचं देऊळ तिथलं मोठं, त्याचे दरवाजे कधी बंद होत नाहीत म्हणतात, आणि उड्डाणाआधी इस्रोची माणसं तिथे नमस्काराला येतात. ह्यावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मी नाही. ६४० टनांखाली ज्यांनी नटबोल्ट आवळलेत त्यांनी काय करून रात्री झोपावं हे मी कोण ठरवणार? मीही आत जाऊन आलो. नारळाचे भाव त्या दिवशी चढे होते.

पुलिकत सरोवरातून बांधलेला रस्ता श्रीहरिकोटा बेटाकडे जातो. हिवाळ्यात इथे रोहित पक्ष्यांचे थवे असतात. जूनमध्ये पाणी आटलेलं, दोन्ही बाजूंना करड्या चिखलाच्या भेगा, मिठाचा पांढरा पापुद्रा, आणि उन्हाच्या झळांत थरथरणारी क्षितिजाची रेघ. तेव्हा प्रेक्षकांसाठीची गॅलरी झालेली नव्हती, ती २०१९ मध्ये झाली. सुरक्षा दलाच्या नाक्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, जागा मिळेल तिथे उभं राहायचं. कलिंगडवाला, ताकवाली, दुचाक्यांची रांग, छत्र्या. तळ कुठे आहे हेच आधी नीट कळेना. मग एका पोरानं बोट धरल्यासारखं दाखवलं: ती झाडांची काळी रेघ, तिच्यावर विजेचे खांब वाटतात ते वीज पाडून घ्यायचे मनोरे, त्यांच्यामध्ये. पंधरा-सोळा किलोमीटरवरून ४३ मीटर म्हणजे काहीच नव्हे. मला तर ते दिसलं की नाही ह्याची खात्री नाही, पण मी हो म्हटलं.

तीन वाजल्यानंतर कोणी कलिंगडही घेईना. घशाला कोरड होती, पण खायची इच्छा नव्हती. शिक्षक घड्याळ बघत होते आणि दर दहा मिनिटांनी "नो होल्ड, नो होल्ड" म्हणत होते, म्हणजे उलटगणती कुठे अडलेली नाही. त्यांनी १९७९ चं एसएलव्हीचं पडणं रेडिओवर ऐकलं होतं. ह्या वेळी काय वाटतं, असं मी विचारलं. त्यांनी सरळ उत्तर दिलं: खालचं सगळं जाईल, वरच्याचं सांगता येत नाही. म्हणजे त्यांनीही तीच कात्रणं वाचली होती. मग आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो.

५ वाजून २८ मिनिटांनी झाडांच्या रेघेवर नारिंगी ठिणगी पेटली आणि ती जागा सोडून वर निघाली. रॉकेट वर जाताना इतकं सावकाश दिसेल असं वाटलं नव्हतं. ज्वाळेकडे उघड्या डोळ्यांनी बघवत नव्हतं. आवाज आलाच नाही. लोक ओरडले, टाळ्या वाजल्या, सगळं त्या मुक्या ठिणगीसाठी. पाऊण मिनिट उलटल्यावर आवाज आला, कानांत नव्हे, आधी छातीत, आणि कलिंगडवाल्याच्या गाडीवरची सुरी तराजूवर थडथडायला लागली. तोवर ते ढगाच्या पुंजक्यात शिरून वरून बाहेर निघालं होतं. दोन मिनिटांनंतर एस-२०० गळून पडले असणार. मग एक ठिपका, मग ठिपकाही नाही, फक्त वाऱ्यानं वाकडी होत चाललेली धुराची दोरी.

आणि लोक निघाले! दुचाक्या सुरू झाल्या, छत्र्या मिटल्या. "सक्सेस, सक्सेस" म्हणत पोरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मी शिक्षकांकडे पाहिलं. ते जागचे हलले नव्हते. सी-२५ अजून पेटलेलाही नव्हता. आम्ही सात-आठ जण रस्त्यावर राहिलो. एवढ्या फोनांमुळे नेट बंद पडलेलं. एका पोराच्या फोनवर चित्र येत नव्हतं, तुटक आवाज येत होता. तो कानाला लावून आम्हाला एकेक शब्द सांगत होता. इग्निशन. मग बराच वेळ फक्त "नॉर्मल". मग आवाज गेला. परत आला. नॉर्मल. ह्या दहा मिनिटांत मी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत होतो, दुसरीकडे कुठे बघायचं हेच कळत नव्हतं. पावणेसहाच्या सुमारास पोरगा ओरडला, सेपरेशन! शिक्षकांनी टॉवेल डोक्यावरून काढून झटकला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

बसच्या दिशेनं चालत असताना फोन वाजला. शेठ. मला वाटलं उधारीचं विचारतील. ते म्हणाले, पूर्ण बघितलं. पेढीवर टीव्ही लावला होता, दलाल, पार्सलवाले, सगळे बसले होते. आणि विचारायला लागले: रॉकेट दिसेनासं झाल्यावर पडद्यावर एक रेघ होती आणि तिच्यावर एक ठिपका सरकत होता, शेवटपर्यंत रेघेवरून हलला नाही, सगळे शास्त्रज्ञ त्याच्याकडेच बघत होते, ते काय होतं?

मी जे बघायला आलो होतो ते शेठनी रिंगरोडवर बसून पाहिलं होतं. रस्त्याच्या कडेला थांबून मी त्यांना क्रायोजेनिक टप्पा समजावायला लागलो, हायड्रोजनपासून. रशियापर्यंत आलो तेवढ्यात बस आली. शेठनी मध्येच अडवलं, "वो सब ठीक है, महेताजी. पर एक फेरे का भाड़ा कितना पड़ता है?"

मी म्हटलं, बसमध्ये जागा पकडून फोन करतो.